काट्याचं ऐका

दादाला हृदयाचा झटका आला, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो अतिदक्षता विभागातल्या पलंगावर उठून बसून चहा मागत होता. रक्तदाब बेताचा, पण पडलेला नव्हता. आम्ही तर देवाचे आभार मानून मोकळेही झालो होतो. नर्सला तेवढे पाय गार लागले. त्यावर दादाने वहिनीकडे बोट दाखवून सांगितलं, ते लग्नापासून गारच आहेत, हिला विचारा.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई रक्ताचा अहवाल घेऊन आल्या. अवयवांना रक्त पुरेनासं झालं की लॅक्टेट नावाचा पदार्थ रक्तात साठतो. तो दोनच्या आत हवा. दादाचा सहावर गेला होता. त्या म्हणाल्या, हृदय दमलंय, शरीर कसंबसं सावरून धरतंय, वरून ते दिसत नाही. जांघेतून नळी घालून हृदयाला हातभार लावणारा छोटा पंप आत्ताच बसवायला हवा. जोखीम त्यातही होती, पण थांबण्यात जास्त.

दादाने मान हलवली. मला काही होत नाहीये, उद्या बघू. त्याचं हे 'काही होत नाहीये' आम्ही जन्मभर ऐकलेलं. लोखंडी वजन पडून नख गेलं तेव्हाही हेच. खरं सांगतो, माझंही मन त्याच्याच बाजूला झुकलं. माणूस हसतोय, बोलतोय, मग कशाला?

वहिनी पलंगाशी गेली. दादा वजनकाटे दुरुस्त करतो. पिशवी हातात तोलून 'किलोभर भरेल' म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं एकच उत्तर असतं.

"दुकानात लोकांना काय सांगता?" तिने विचारलं.

दादाने पायावरची चादर सारखी केली.

"'हाताला काय वाटतं ते राहू दे, काट्याचं ऐका.' मग आता ऐका की."

दादा डॉक्टरीणबाईंकडे वळला. "तुमचा काटा तपासलेला आहे ना?"

"दोनदा रक्त घेऊन पाहिलंय."

त्याने सहीसाठी हात पुढे केला.

पंप बसवून होईतो त्याचा रक्तदाब घसरायला लागलाच होता. पण आता आधार होता. संध्याकाळी लॅक्टेट चारवर आलं, सकाळी दोनच्या खाली. वहिनीने त्या कागदालाच नमस्कार केला. मी देवाला म्हणालो, बाबा रे, काल तू हिच्या तोंडून बोललास.

दादा आता अर्धा दिवस दुकानात बसतो. कुणी तब्येत विचारली की 'काही होत नाहीये' म्हणायला तोंड उघडतो, वहिनीकडे बघतो, आणि सांगतो, "जिना चढताना धाप लागते जरा."