मधोमध साफ, कडेला जिवंत

मित्रांनो, मी एक जुनी मलमाची नळी आहे. शेपटीकडून गुंडाळलेली, पोट खपाटीला गेलेली. आयर्लंडमधल्या लीट्रिम परगण्यात, एका शेतघराच्या स्वयंपाकघरातल्या खणात माझा मुक्काम असतो.

कारखान्यात जन्मले तेव्हापासून माझे काम एकच: बुरशी मारणे. बुरशीच्या पेशीला आपले आवरण टिकवायला एक खास स्निग्ध पदार्थ लागतो. माणसाच्या पेशीला तो लागत नाही. मी तो तयारच होऊ देत नाही. मग आवरण गळू लागते, बुरशी मरते आणि कातडी शाबूत राहते. इतके नेमके काम. पण त्यासाठी मला रोज बाहेर काढावे लागते, आणि घोडे तिथेच अडते.

या घरची डर्वला आठ वर्षांची. वासरांच्या गळ्यात पडल्याशिवाय तिला चैन नाही. एका वासराच्या मानेवर राखाडी खपल्या होत्या; काही दिवसांत डर्वलाच्या दंडावर लाल कडे उमटले. गजकर्ण! आणि मे महिन्यात तर तिचा पहिला कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा. पांढरा झगा, डोक्यावर जाळीची ओढणी, चर्चमध्ये सगळ्या गावासमोर. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मला तिच्या आईच्या, नोरीनच्या हातात देऊन बजावले, "कडेच्या थोडं बाहेरपर्यंत लावा. आणि डाग गेला तरी पुढे दोन आठवडे सोडू नका."

नोरीनने मला चारच दिवस लावले. मग ती लेकीला मॅलकीकडे घेऊन गेली. मॅलकी हा आईबापांचा सातवा मुलगा. अशाच्या फुंकरीने गजकर्ण जाते, असे इथे मानतात. तो पैसे घेत नाही, आभारही घेत नाही. अट एकच: "माझी फुंकर चालू असताना दुसरं काही लावायचं नाही, काय?"

झाली माझी रवानगी खणात!

पुढच्याच आठवड्यात नोरीन नाचायचीच काय ती बाकी. "बघ गं, मधलं सगळं साफ झालं!"

अहो, गजकर्ण मधून आपोआपच साफ होते! बुरशी कडेने पुढे सरकत असते. मी खणातल्या खणात चडफडत होते. पण नळीचे ऐकतो कोण?

खाजवणारी बोटे केसांत गेली आणि बुरशीही तिथे पोचली. डर्वलाच्या डोक्यावर नाण्याएवढे टक्कल पडले.

"केसांच्या मुळात मलम पोचत नाही. आता पोटातून गोळ्या, त्याही कित्येक आठवडे," डॉक्टर म्हणाल्या. "दंडाला मात्र मलम चालू करा."

"केस परत येतील?" डर्वलाने विचारले.

"येतील गं. पण कम्युनियनपर्यंत नाही."

कम्युनियनच्या दिवशी चर्चहून आल्यावर बाकीच्या मुली ओढण्या भिरकावून आमच्या अंगणातल्या हवा भरलेल्या रबरी किल्ल्यावर उड्या मारत होत्या. डर्वला दोन्ही हातांनी ओढणी धरून खुर्चीत बसली. जेवणाला आलेला मॅलकी हॅम चघळत म्हणाला, "गुण येतच होता, नोरीन. तुम्हीच घाई केलीत."

"मॅलकी, तू हॅम खा."

पुढे दंडावरची खाज थांबली, लाली गेली. नोरीन मला उचलून खणाकडे निघाली. "चला, गेलं एकदाचं!"

"मागेही तू असंच म्हणाली होतीस, आई. आण ते मलम इकडे."

मित्रांनो, डाग दिसेनासा झाला म्हणजे माझे काम संपले, असे कृपा करून समजू नका. त्या मुलीने ते समजून घेतले. पण त्यासाठी तिला एक अख्खा सणाचा दिवस खुर्चीत बसून काढावा लागला.