खुर्चीवर बसलेला मार्च

मित्रांनो, मी एक जुना मार्च आहे. हो, पलटणीचा मार्च! ज्या सुरावर शेकडो जवान एकाच वेळी डावा पाय टाकतात ना, तोच मी.

माझा जन्म पलटणीच्या बँडखोलीत झाला. तेव्हा माझा कागद तळहाताएवढा होता, कारण चालता चालता वाजवणाऱ्यांना तो वाद्यालाच अडकवावा लागे. ऊन, धूळ, बुटांच्या पॉलिशचा वास... काय दिवस होते! मी वाजलो की थकलेला माणूसही सरळ चालायचा. मग पलटणीला नवा मार्च मिळाला आणि मी बँडमास्तर कृष्णकांत सरांच्या ट्रंकेत गेलो. सर निवृत्त होऊन नागपुरात आले, तसा मीही आलो. बारा वर्षं एका स्वेटरखाली! डांबरगोळ्यांचा वास अजून जात नाही.

यंदा सर एका शाळेत बँड शिकवू लागले आणि माझं नशीबच उघडलं. त्यांनी मला बसून वाजवणाऱ्या बँडसाठी नव्याने लिहिलं. एका कागदाचे बावीस झाले! मधल्या भागात तर ढोल एकदम गप्प, फक्त बासरी आणि क्लॅरिनेट. मी इतका गोड आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

पण क्लॅरिनेटवाल्या मयुराचा डावा पाय काही ऐकेना. ठप! ठप!

"काहून वं मयुरा, पाय काहून आपटून राहिली?" सरांनी विचारलं.

"मी नाही सर, तो आपोआपच आपटून राहिला."

ढोलवाला अंकुश ओरडला, "सर, हिचा पाय माझी नोकरी खाऊन राहिला!"

सगळे हसले, सर सोडून. "ही परेड नाही, कॉन्सर्ट आहे. कार्यक्रमात पाय वाजला, तर तू बँडच्या बाहेर."

त्या दिवसापासून मयुरा घरी ओढणीने पाय खुर्चीला बांधून सराव करू लागली. मला फार वाईट वाटलं. माझा अर्धा जीव त्या पायातच होता!

कार्यक्रम भरदुपारी, बंद सभागृहात होता. पहिल्या रांगेत सरांचे पलटणीतले जुने सोबती. मी दिमाखात निघालो. मधला भाग आला, ढोल गप्प झाला आणि नेमकी लाईट गेली. मिट्ट अंधार! ना मी दिसे, ना सरांची ताल दाखवणारी छडी. सूर बोटांना पाठ होते, पण कोणी पुढे पळालं, कोणी मागे राहिलं. मी विस्कटू लागलो.

मयुराचा डावा पाय वर उचलला गेला. टाकला तर तिची जागा जाणार, नाही टाकला तर मी.

ठप!

लगेच अंकुशचा बूट वाजला. मग बासरीवाल्यांचे. मग पहिल्या रांगेतून जड, म्हातारे बूट! ठप, ठप, ठप! विखुरलेले सूर पुन्हा एका रांगेत आले. लाईट आली तेव्हा मी शेवटच्या ओळीवर होतो, आणि सरांचा स्वतःचा डावा पाय जोरात चालू होता!

टाळ्या थांबल्यावर मयुरा मान खाली घालून सरांपुढे उभी राहिली. "सर, या वेळी मी मुद्दामच आपटला."

"मले समजलं ते," म्हणत सरांनी खिशातून पेन्सिल काढली.

मित्रांनो, मला पाण्यापासून जपा, कोपरे दुमडू नका, पण ट्रंकेत मात्र नका ठेवू. मला वाजवत राहा! आणि खोडरबर हातात घेतलंत, तर एवढं ऐका. माझ्या मधल्या भागावर पेन्सिलीने लिहिलेलं आहे, "इथे मयुराचा पाय." ते तेवढं राहू द्या.