मागच्या बाकावरची सून

मोठ्या बाईंचा तिसरीचा वर्ग धडा वाचायला लागला की रस्त्यावरची माणसं थबकून ऐकायची. सगळी मुलं एका सुरात वाचत, कुणी म्हणून अडखळत नसे. बाई टेबलावर पट्टीने ताल धरायच्या. शाळेत कोणी पाहुणे आले की त्यांना आधी याच वर्गात आणायचे आणि पाहुणे वाहवा करून जायचे. तरीही वाचनाच्या चाचणीत विभागातल्या सगळ्या सरकारी शाळांत हाच वर्ग तळाला! "चाचणीतच खोट आहे," असं म्हणून बाई विषय मिटवायच्या.

विभागाच्या अधिकारी बाई तो मिटू देईनात. त्यांनी नवीच टूम काढली होती. एका शाळेच्या शिक्षकाने दुसऱ्या शाळेच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहायचं आणि बैठकीत फक्त दिसलं तेवढंच सांगायचं. ज्याचा वर्ग असेल त्याने तोंडाला कुलूप लावायचं. शेवटी एकच प्रश्न विचारायची मुभा: "आता पुढे काय करू?" मोठ्या बाईंना तर त्यांनी स्पष्टच बजावलं होतं, "या खेपेला फरक दिसला नाही, तर तिसरी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल." निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि ते कचेरीत कागद लावण्यात घालवायचं? बाईंची झोपच उडाली.

त्यात कोण येणार याची चिठ्ठी निघाली ती त्यांच्या सुनेची. ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत शिकवायची.

"दुसरं कुणीही पाठवा, घरचं माणूस नको," बाईंनी विनवलं.

"निघाली ती निघाली," अधिकारी बाई म्हणाल्या.

घरी सासऱ्यांनी सुनेला हळूच सांगितलं, "माझा चहा बंद होईल असं काही बोलू नकोस, बाई."

सून बुटक्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसली. शेजारी होती चिमणी. सारखी चिवचिव करते म्हणून सगळे तिला तेच म्हणत. वाचन सुरू झालं. बाईंनी पाहिलं, सुनेने वाकून चिमणीचं पान उलटलं. चिमणी खणखणीत वाचतच राहिली. बाई मनात म्हणाल्या, बघ, याला म्हणतात वर्ग!

बैठकीत सून उभी राहिली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "माझ्या शेजारच्या मुलीने भलतंच पान उघडलं होतं. सापडलं नसेल, म्हणून मी उलटून दिलं. ती न थांबता वाचत होती. मग मी पुस्तकच मिटलं, तरी ती वाचतच होती. पुढच्या दोन बाकांवरची मुलं वाचतात. बाकीची त्यांच्या मागून म्हणतात."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायची मुभा असती तर त्यांनी सुनेला तिथेच फैलावर घेतलं असतं. पण नियम म्हणजे नियम. गप्प बसावं लागलं आणि गप्प बसल्या बसल्या त्यांना एकेक आठवू लागलं. एकटीला वाचायला सांगितलं की चिमणीचा घसा बसायचा. चाचणीच्या दिवशी तर निम्म्या वर्गाचा बसायचा.

"आता पुढे काय करू?" त्यांनी विचारलं.

"ताल बंद करू या, आई," सून बोलून गेली. "एकेकाला जवळ घेऊन न पाहिलेलं पान देऊ. मीही अशीच फसले होते. मलाही कुणीतरी मागे बसूनच दाखवलं."

त्यानंतर रस्त्यावर कुणी थबकेनासं झालं. वर्गात नुसती कुजबुज आणि अडखळणं. पहिल्या दिवशी चिमणी मुसमुसायला लागली, तेव्हा बाईंनी तिला जवळ ओढलं. "तुझं नाही गं चुकलं. माझं चुकलं." घरी जेवणाच्या टेबलावर सासू-सून शब्दांची कार्डं कापत बसायच्या आणि सासरे मुकाट्याने स्वतःचा चहा करून घ्यायचे, वर त्यांनाही द्यायचे.

पुढच्या चाचणीत वर्ग काही पहिला आला नाही, पण तळातून वर आला. अधिकारी बाईंनी चिमणीला नवं कोरं पान दिलं. "वि... विहि... विहिरीवर." ती अडली. "थांबा हं, परत वाचते," चिमणी म्हणाली आणि तिने ती ओळ परत, सबंध वाचली. इतकं ओबडधोबड वाचन बाईंनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि इतकं गोडही. त्यांनी पदराने डोळे टिपले.

"तिसरी तुमच्याकडेच राहील," अधिकारी बाई बैठकीत म्हणाल्या आणि पुढच्या खेपेसाठी त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा पुढे ओढला.

बाईंनी डब्यावर हात ठेवला आणि शेजारी बसलेल्या सुनेकडे बोट केलं. "माझ्या वर्गाची चिठ्ठी काढू नका. हिलाच पाठवा."

"घरचं माणूस नको होतं ना तुम्हाला?"

"नको होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण इतकी माणसं आली आणि वाहवा करून गेली हो. पान उलटून फक्त हिने पाहिलं."