भिंतीपलीकडची स्वप्नं

अहिल्याबाईंचा दूधवाल्यावर विश्वास नव्हता, भाजीवाल्याच्या काट्यावर नव्हता आणि हवामान खात्यावर तर मुळीच नव्हता. सगळी नोकरी त्यांनी झाशीतल्या मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, गणित शिकवण्यात घालवली होती. परीक्षेच्या दिवसांत त्या वर्गात शिरल्या की मोज्यात चिठ्ठी लपवलेल्या पोरीला तिथल्या तिथे घाम फुटायचा. निवृत्तीनंतर ती नजर घराकडे वळली. त्यांचे यजमान नारायणराव म्हणायचे, "हिला आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी ही आधी मागे वळून खात्री करून घेईल."

म्हणूनच धाकट्या जावेकडे ज्या दिवशी ती जाळी आली, त्या दिवसापासूनच अहिल्याबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

सिव्हिल लाइन्समध्ये दोघा भावांनी मिळून जोडघर बांधलं होतं. मध्ये एकच भिंत, आणि दोन्हीकडच्या खोल्यांत वारा खेळावा म्हणून छताजवळ एक रोशनदान. धाकटे दामोदर गेले आणि पलीकडे शकुंतला एकटी उरली. तिची मुलगी ऐश्वर्या नोकरीनिमित्त बंगळुरूला. नवरा गेल्यापासून शकुंतलाला वाईट स्वप्नं पडत, ती दचकून उठे. आईने फोनवर हे सांगितलं आणि लेकीने ऑनलाइन मागवून ड्रीमकॅचर पाठवून दिला.

"हे बघा वहिनी," शकुंतलाने ती वस्तू कौतुकाने दाखवली. एक कडं, कड्यात दोऱ्याचं कोळ्याच्या जाळ्यासारखं विणकाम, खाली मणी आणि पिसं. "वाईट स्वप्नं म्हणे या जाळीत अडकतात आणि सकाळच्या उन्हात विरून जातात. चांगली तेवढी खाली झिरपतात."

"पिठाची चाळणी असते तशी?"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

"पण तू ती लावली आहेस कुठे? या भिंतीवर ऊन येतंच कुठे?"

जाळी टांगली होती मधल्या भिंतीवर, रोशनदानाच्या बरोबर खाली. तिथे खिळा आधीपासून होता, एवढंच त्याचं कारण. शकुंतला हसली आणि चहा टाकायला गेली.

आठवडाभरात तिचा चेहरा पालटला. "एकही स्वप्न नाही, वहिनी! अगदी गाढ झोप." गल्लीतल्या बायका जाळी बघायला येऊन गेल्या. त्यांतल्या मिश्राइनने, मिश्रांच्या बायकोने, तर तिथल्या तिथे फोन काढून स्वतःसाठी एक मागवली.

आणि त्याच सुमारास अहिल्याबाईंना स्वप्न पडायला लागलं.

त्यांना स्वप्नं कधीच पडत नसत. मे महिन्यात झाशीला दुपारी लू सुटते, भाजून काढणारा वारा, तेव्हा माणूस काय, कुत्रंही बाहेर दिसत नाही. जेवण आटोपून त्या भिंतीला लागून असलेल्या पलंगावर पडत आणि चार वाजता उठत. आता त्या झोपेत एक गल्ली यायची. हातात पिशवी, पायाखाली तापलेली फरशी, आणि एका वळणानंतर पुन्हा तेच वळण. माणसं भेटत, काहीतरी सांगत, पण बोललेलं कळत नसे. छातीत धडधड घेऊनच त्या जाग्या होत.

हे त्या पचवू शकल्या असत्या. पण एका दुपारी त्यांनी गल्ली ओळखली. ती होती मऊरानीपूरची! मऊ हे शकुंतलाचं माहेर. अहिल्याबाई तिथे एकदाच गेल्या होत्या, तिच्या लग्नाला.

"अहो, मला सांगा," त्यांनी नारायणरावांना गाठलं, "मऊच्या गल्ल्या माझ्या स्वप्नात कशाला येतील?"

"आल्या असतील वाट चुकून."

"चुकून नाही. ऊन नाही मिळालं तर जाळीत अडकलेलं जाणार कुठे? वर रोशनदान आहे. शकू आपला केर झाडून माझ्या दारात लोटते आहे."

नारायणरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तू गणित शिकवायचीस ना गं?"

अहिल्याबाईंना स्वतःलाही हे बोलणं वेडगळ वाटत होतं. भुताखेतांवर, गंड्यादोऱ्यांवर त्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. पण शकूची स्वप्नं थांबली आणि त्यांची स्वतःची सुरू झाली. दोन्ही एकदमच. दोन गोष्टी एकदम घडल्या की तिसरी कुठेतरी लपलेली असते, हे त्यांनी परीक्षेच्या वर्गात शंभरदा पाहिलं होतं.

त्या तडक पलीकडे गेल्या. "शकू, ती जाळी खिडकीत लाव."

"का हो? चांगली आहे की तिथे."

"मला त्रास होतो."

"जाळीचा? तुम्हाला?" शकुंतलाचा आवाज चढला. "माझ्या लेकीने प्रेमाने पाठवली आहे. मला जरा झोप लागायला लागली, तेही बघवत नाही का तुम्हाला?"

अहिल्याबाई परतल्या. पण संध्याकाळी शकुंतला देवळात गेली, तेव्हा आपल्याकडे असलेली तिच्या घराची दुसरी किल्ली घेऊन त्या आत शिरल्या, जाळी काढली आणि पूर्वेच्या खिडकीला बांधून आल्या. आता सकाळी मोठं भांडण होणार, अशी मनाची तयारी करूनच त्या झोपल्या.

भांडण झालंच नाही. सकाळी त्या मुद्दाम वाटीभर कैरीचं लोणचं घेऊन गेल्या. शकुंतला खिडकीशीच उभी होती.

"छान दिसते ना इथे?" ती म्हणाली. "मी लावली तेव्हाच म्हटलं, हीच जागा बरी."

अहिल्याबाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता, लपवाछपवी नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. हातातली वाटी खाली ठेवून अहिल्याबाई घरी परतल्या.

त्या दुपारी वीज गेली. कूलरची घरघर थांबली आणि घर एकदम निःशब्द झालं. अहिल्याबाई पलंगावर जाग्याच होत्या. वरून, रोशनदानातून, बोलणं ऐकू आलं.

"भैया, मऊ की गाडी कहाँ से छूटती है? भैया... सुनिए तो..."

पलंगावर स्टूल ठेवून, भिंतीला धरून त्या वर चढल्या. पलीकडे शकुंतला गाढ झोपलेली होती. ओठ हलत होते, एक हात चादरीवर काहीतरी चाचपत होता. "घर जाना है... नाम... नाम याद नहीं आ रहा..." आणि खिडकीत, भरपूर उजेडात, जाळीची पिसं संथ हलत होती.

म्हणजे हे असं होतं तर. स्वप्नं कुठे गेलीच नव्हती. शकू ती बोलत होती, कूलरच्या आवाजाआडून ते शब्द अहिल्याबाईंच्या झोपेत शिरत होते, आणि गल्ल्या तयार होत होत्या. त्या खाली उतरल्या. कोडं सुटलं होतं, पण सुटल्याचा आनंद काही होईना.

त्यांचा संशय जाळीवरून निघाला आणि जावेवर येऊन बसला. आता त्यांना एकेक दिसायला लागलं. शकूच्या आमटीत मीठ दोनदा पडत होतं. मोलकरणीला ती कधीकधी नावाऐवजी नुसतं "अगं" म्हणून वेळ मारून नेत होती. दामोदरांच्या श्राद्धाला कोणते गुरुजी येतात, या प्रश्नावर ती हसून म्हणाली होती, "तुम्हीच सांगा ना!"

गुरुवारी उन्हं उतरल्यावर शकुंतला पिशवी घेऊन निघाली, तशा अहिल्याबाईही डोक्यावरून पदर घेऊन मागे निघाल्या. स्वतःचीच लाज वाटत होती. या वयात सख्ख्या जावेचा पाठलाग! शकुंतलाने व्यवस्थित भाजी घेतली, भाव केला, कोथिंबीर फुकट उकळली. अहिल्याबाई मनात म्हणाल्या, चुकले मी, उगाच काहीबाही घेऊन बसले.

मग शकुंतला इलाइट चौराह्यावर आली आणि थांबली.

लग्न होऊन आल्यापासून ती या चौकातून जात होती. इथून घर म्हणजे डोळे मिटून जायचा रस्ता. ती एका रस्त्याकडे वळली, परत आली. दुसऱ्याकडे वळली, परत आली. ई-रिक्षावाल्याने विचारलं, "काए अम्मा, कितै जानें?" कुठे जायचं ते सांगायला तिने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

अहिल्याबाई पानाच्या टपरीआड होत्या. जावं, की घरी नारायणरावांना फोन करावा? शकू मानी होती. आपण मागे मागे आलो हे तिला कळलं तर ती पुन्हा तोंड बघणार नाही. पण रिक्षावाला आता दुसऱ्याला हाक मारून बोलवत होता, आणि शकूने पिशवी छातीशी घट्ट धरली होती, कोणी हिसकावून नेईल अशी.

"अगं शकू!" अहिल्याबाई पुढे झाल्या. "बरं झालं बाई तू भेटलीस. माझे गुडघे आज अगदी बोलायला लागलेत. चल, रिक्षाने जाऊ."

शकुंतला रिक्षात बसली. किल्ल्याकडून गरम वारा येत होता. समोर बघतच तिने विचारलं, "वहिनी, तुमचे गुडघे कधीपासून दुखतात?"

अहिल्याबाई गुडघ्यावरचा पदर सारखा करू लागल्या.

"तुम्हाला कळलं ना?"

"हो."

"कोणाला सांगू नका. ऐश्वर्या नोकरी सोडून येईल." तिने डोळे पुसले. "मला वाटायचं, जाळीने स्वप्नं थांबली. किती बरं वाटत होतं! पण सकाळी उशी ओली असायची. स्वप्नं पडत असतील, वहिनी. मला ती आठवतच नसतील."

अहिल्याबाईंनी तिचा हात धरला. तो घर येईपर्यंत सोडला नाही. पण कोणाला न सांगण्याचं वचनही दिलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी ऐश्वर्याला फोन केला.

ऐश्वर्या आली. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आणि विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे, तो थांबणार नाही पण गोळ्यांनी चाल मंदावेल, असं सांगितलं. लेकीला कळवलं म्हणून शकुंतला दोन दिवस अहिल्याबाईंशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपणच येऊन म्हणाली, "चहा करा."

"काकू, मी ती जाळी पाठवली आणि मोकळी झाले," ऐश्वर्या स्वयंपाकघरात रडत होती. "त्या गोष्टी खरंच काही करतात का हो?"

"काही करत नाहीत," अहिल्याबाई म्हणाल्या. "दोरा आणि पिसं. पण तुझी आठवण म्हणून तिला ती बघायला आवडते. राहू दे."

आईला बंगळुरूला न्यायचं ऐश्वर्याने फार मनावर घेतलं. पण नवी गल्ली, नवी भाषा, तिथे ती पहिल्याच दिवशी हरवेल, असं डॉक्टरही म्हणाले. शेवटी ऐश्वर्याने महिन्याला एक फेरी करायची आणि बाकी अहिल्याबाईंनी बघायचं, असं ठरलं. नारायणरावांनी कुरकुर न करता दोन्ही घरची भाजी आणायचं काम अंगावर घेतलं.

अहिल्याबाई आता दुपारी पलीकडेच झोपतात, शकुंतलाच्या खोलीत, खाली सतरंजी टाकून. पहिल्याच दुपारी ती बोलायला लागली. "भैया, मऊ की गाडी..."

उठवावं की नाही, अहिल्याबाईंना कळेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "यहीं से छूटती है, बहनजी. बैठ जाइए."

कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. शकुंतला कुशीवर वळली आणि श्वास संथ चालू लागला.

आपल्या शब्दांनी तसं झालं, की ती आपोआपच वळली, याची अहिल्याबाईंना अजूनही खात्री नाही. पण दुसऱ्या दुपारीही गाडीची चौकशी झाली, आणि त्यांनी तेच उत्तर दिलं.