दिवा माझ्याकडे

"पडदे उघडे का ठेवलेत हो?" जिना चढून वर येताच बाबांनी राखणदाराला दरडावलं, आणि त्यांची थोरली लेक मागेच थबकली. झाली सुरुवात, तिला वाटलं.

गेल्या आठवड्यात बाबा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. उभी हयात दीपगृहात काढलेला माणूस, म्हणून आज लेकीने त्यांना हे जुनं दीपगृह दाखवायला आणलं होतं. खरं म्हणजे ती परीक्षाच होती. दिवस धड गेला तर राहू देत एकटे, नाहीतर गाठोडं बांधून आपल्या घरी. आणि ते सुखासुखी येणार होते थोडेच.

समुद्र इथून कधीच मागे हटला होता. खाली नुसती शेतं. दिवाही कित्येक वर्षांत लागला नव्हता.

"अगं, दिवा एवढासाच असतो," बाबा भल्यामोठ्या भिंगाकडे बोट दाखवत म्हणाले. "ही काच त्याचा सगळा उजेड गोळा करून लांब फेकते. दिवसा उलटं होतं. ऊन आत शिरतं आणि दिव्यालाच जाळतं. म्हणून ऊन असेतो पडदे."

"आता जळायला काय उरलंय, काका," राखणदार हसला, पण त्याने पडदे ओढले. थोरलीचा जीव भांड्यात पडला. चांगले शहाणे तर आहेत.

ऊन उतरलं. बाबांनी एकेक पडदा बाजूला केला आणि स्टुलावर ठाण मांडलं.

"चला बाबा, कुलूप लावायचंय त्यांना."

"दिवा सोडून? बोटी यायच्यात अजून."

"बाबा, खाली शेतं आहेत."

त्यांनी वाकून पाहिलं. "अंधारात तुला दिसत नाही," ते म्हणाले, पण घाबरले होते.

राखणदार किल्ल्या हातात घेऊन ताटकळत होता. थोरली रडायच्या बेतात आली. मग तिला लहानपणचं आठवलं. पुढच्या पाळीचा माणूस वर येऊन, कठड्यावर हात ठेवून ठरलेले शब्द बोलल्याशिवाय बाबा तापातसुद्धा खाली उतरत नसत.

ती थोडा जिना उतरली आणि पुन्हा वर आली. कठड्यावर हात ठेवला.

"दिवा माझ्याकडे," ती कशीबशी म्हणाली.

बाबा लगेच उठले. रुमालाने भिंगावरचा डाग पुसला. मग खिशातून आपल्या घराची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"नीट सांभाळ," म्हणाले, आणि भिंतीला धरून सावकाश जिना उतरू लागले.