खिडकीकडची नळी

मित्रांनो, मी एक जुना गरगऱ्या आहे आणि सध्या दाराला टेकण म्हणून बसलो आहे. वाऱ्यानं दार आपटू नये एवढंच आता माझं काम. वजनाला भारी असल्यामुळे या कामात मला कुणी हरवू शकत नाही. हसा खुशाल! पण एके काळी याच दवाखान्यात लोक माझ्यासाठी ताटकळत बसायचे.

कागदोपत्री माझं नाव सेंट्रिफ्यूज. गरगऱ्या हे नाव नानांनी ठेवलं. नाना म्हणजे इथले जुने टेक्निशियन. जाड चष्मा, चालणं संथ आणि बोलणं त्याहून संथ. हा दवाखाना सांधे आणि स्नायुबंधांचा. कुणी गुडघा घेऊन येई, कुणी खांदा, कुणी कोपर. नाना दंडातून रक्त काढत, नळीत भरत आणि नळी माझ्या पोटातल्या खाचेत ठेवत. दहा मिनिटं मी जीव तोडून फिरायचो. मग लाल रक्त तळाशी बसे आणि वर पिवळसर पाणी येई. ते डॉक्टर सुईत ओढून घेत आणि दुखऱ्या जागी टोचत. प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत, "तुमचंच रक्त तुम्हालाच. परकं काही नाही." लोकांना ते भारी आवडायचं. कुणाला गुण येई, कुणाला थोडा, कुणाला अजिबात नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथं मला एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे तोल. समोरासमोरच्या दोन खाचांत सारखं वजन नसलं की मी थयथयाट करतो. टेबलावरून उडी मारायलाही कमी करत नाही. म्हणून रक्ताच्या नळीसमोर नाना तेवढ्याच पाण्याची नळी ठेवत. "एका फेरीत एकच माणूस," हा त्यांचा नियम. शिवाय प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहीत आणि पेशंटच्या डोळ्यांपुढे धरत. "वाचा बरं. तुमचंच नाव ना?" वाचता येत नसेल त्याला म्हणत, "मग तुमच्या हातानं एखादी खूण काढा." एका हमालानं एकदा मांजर काढलं होतं. डुकरासारखं दिसत होतं, पण नानांनी ते गंभीरपणे दोनदा ताडून पाहिलं.

पण या नीटपणाला वेळ लागतो हो. बाहेर गर्दी वाढली आणि डॉक्टरांना नाना जड वाटू लागले. "नाना, तुम्ही रक्त काढताय की पत्रिका जुळवताय?" असं चारचौघांत म्हणायचे. सगळे हसायचे. नानाही हसायचे बिचारे. एका सकाळी डॉक्टरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नानांनी माझं पोट पुसलं, झाकण लावलं आणि चष्मा डब्यात घालून निघून गेले. मी तेव्हा रडलो असतो, पण मला रडायची सोय नाही.

त्यांच्या जागी काउंटरवरच्या बाई आल्या. वाईट नव्हत्या त्या, पण घाईच्या. पाण्याची नळी ही त्यांना चैन वाटली. "अहो डॉक्टर, समोर पाणी कशाला? दुसऱ्या पेशंटचंच रक्त ठेवू की. एका फेरीत दोघं!" डॉक्टरांनी टाळीच दिली. "याला म्हणतात डोकं!" चिकटपट्ट्याही गेल्या. बाईंनी स्वतःची रीत काढली. एकाची नळी खिडकीकडच्या खाचेत, दुसऱ्याची दाराकडच्या. मी थांबलो की खिडकीकडची खिडकीवाल्याला, दाराकडची दारवाल्याला.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तरी तुमच्या लक्षात आलं असेल. मी गरगऱ्या आहे. मी फिरतो! थांबताना खिडकीकडची खाच पुन्हा खिडकीकडेच येईल असं वचन मी कुणाला दिलं नव्हतं. माझ्या खाचांवर एक-दोन असे आकडे होते, ते कधीच पुसून गेले. कोणती नळी कुणाची हे मला कळत होतं, पण विचारतो कोण? किती जणांत परक्यांचं पाणी गेलं ते मी सांगत नाही. बहुतेकांना काही झालं नाही. त्यामुळेच सगळे निर्धास्त राहिले.

मग एक दिवस इस्त्रीवाल्या मावशी आल्या. बरोबर धाकटी बहीण. मावशींचा उजवा हात म्हणजे त्या दोघींचं घर. पंचवीस वर्षं जड इस्त्री ढकलून कोपर असं धरलं होतं की कपभर चहा उचलताना तोंड वाकडं व्हायचं. "डॉक्टर, हा हात तेवढा चालता करा. बाकी शरीर गेलं खड्ड्यात," त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले. "तुमचंच रक्त तुम्हालाच. फक्त दोन आठवडे हाताला विश्रांती." धाकटी लगेच म्हणाली, "ताई, दुकान मी बघते. तू इस्त्रीला बोटसुद्धा लावायचं नाहीस."

त्याच वेळी गुडघ्यासाठी एक बडे साहेब आले होते. फॉर्मवर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की त्यांना जुनी कावीळ आहे, रक्तातून पसरणारी. स्वतःचंच रक्त स्वतःला म्हटल्यावर त्यात काही बिघडत नव्हतं. बाईंनी तो कागद न वाचता फाइलला लावला. मावशींची नळी खिडकीकडे, साहेबांची दाराकडे. वजन अगदी सारखं. इतका सुरेख तोल नानांनाही कधी साधला नव्हता. मी फिरलो, मंद झालो, थांबलो. साहेबांची नळी खिडकीकडे आली.

मी ओरडलो. खरंच ओरडलो. पण माझा आवाज म्हणजे घरघर, आणि ती त्यांना रोजचीच. "याचं बेअरिंग गेलंय वाटतं," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडची नळी उचलली. मावशींनी डोळे मिटून कोपर पुढे केलं.

दोन महिन्यांनी साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले. जिना चढत आले! "शेवटी रक्त कुणाचं!" म्हणून त्यांनी छाती ठोकली. त्यानंतर आठवड्याभरात मावशी आल्या, धाकटीच्या खांद्यावर भार टाकून. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी ते डोळे पाहिले. मग आत येऊन साहेबांची फाइल काढली, वाचली आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, मित्रांनो. तो क्षण मी विसरणार नाही, कारण मला वाटलं होतं की आता ते खरं बोलतील.

ते बाहेर गेले आणि म्हणाले, "बाहेरचं पाणी प्यायलात ना? मोठ्या हॉस्पिटलात दाखवा."

"आणि हात?" मावशींनी विचारलं. त्यांना अजून हाताचीच काळजी होती. "अजून तसाच दुखतोय हो."

"आता काय सांगायचं? तुमच्या रक्तातच दम नाही."

मावशी मान खाली घालून "चुकलं माझं" म्हणाल्या. काय चुकलं होतं त्यांचं?

त्या दिवशी साहेबांचा तो फॉर्म फाटला. बाई आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडल्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "रडू नका. यंत्रच खराब होतं." दुसऱ्या दिवशी माझी वायर कापली आणि मला या दाराशी आणून टाकलं. माझ्या जागी नवा, पांढराशुभ्र गरगऱ्या आला. नावं लिहायला म्हणून त्याच्याशेजारी दोरीनं पेनही बांधलं. आठ दिवसांत ते पेन काउंटरवर गेलं, 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लिहायला. ते परत आलं नाही. पाणी भरून नळी ठेवायची आठवण तर कुणालाच झाली नाही.

आज सकाळी मावशींची बहीण आली. एकटी. महिना झाला म्हणे मावशींना जाऊन. मावशींचे कागद मागायला आली होती ती. बोलता बोलता रडू लागली. "डॉक्टर, तिनं दोन आठवडे एक रुमालसुद्धा इस्त्री केला नाही. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं."

"तेच तर," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आपण आपल्याकडून काही कमी केलं नाही."

ती डोळे पुसत होती आणि पुसता पुसता उजवं कोपर चोळत होती. मावशींची इस्त्री आता तीच ढकलते ना! डॉक्टरांनी ते बरोबर हेरलं. "अहो, तुमचाही हात धरलाय की. बसा. तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही. तुमच्या ताईसाठी समजा."

तिनं चक्क हात जोडले. "देवमाणूस आहात," म्हणाली.

मित्रांनो, मी मोडकं यंत्र, मला उपदेशाचा अधिकार नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी अशा खुर्चीत बसलं, तर नळीवर त्यांचं नाव आहे का ते बघा. नसेल तर कुणी कितीही हसू दे, घाई करू दे, नाव लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर मांजर काढा. डुकरासारखं दिसलं तरी चालेल.

समोरच्या टेबलावर नव्या गरगऱ्याची घरघर मंद होत आली आहे. त्याच्या खाचांवरचे आकडे अजून ठळक आहेत, पण ते कुणी वाचत नाही. आत दोन नळ्या आहेत. एक मावशींच्या बहिणीची, दुसरी बाहेर बसलेल्या कुण्या परक्याची. बहिणीनं बाही वर केली आहे आणि ताईसारखेच डोळे मिटून घेतले आहेत.

"हिची कुठली?" डॉक्टर विचारतात.

"खिडकीकडची," बाई म्हणतात.