माझ्यासमोर अडलेली बेरीज

मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी चौकट पाहिलीही नसेल. लाकडाच्या चार पट्ट्या, आडव्या ताणलेल्या तारा आणि प्रत्येक तारेवर दहा मणी, एवढाच माझा संसार. सर्वांत खालच्या तारेवर लाल मणी, ते एककाचे. तिच्या वरच्या तारेवर निळे, ते दशकाचे. त्याच्याही वर पिवळे, हिरवे असे बरेच आहेत, पण पहिली-दुसरीच्या वर्गात त्यांना फारसं काम पडत नाही. ते बिचारे आयुष्यभर एका कडेला बसून राहिले.

मला एका सुताराने घडवलं. माझ्या पट्ट्यांना त्याने इतका पॉलिश कागद घासला की मुलांच्या बोटात लाकडाची कूस जाण्याची भीती उरली नाही. त्याच्या बायकोने मणी रंगवले आणि ते वाळेपर्यंत घरातल्या सगळ्यांना ओरडत राहिली, "हात लावाल तर बघा!" त्यानंतर माझ्या नशिबी हातच हात आले.

शाळेत मी बाईंच्या टेबलावर उभी असे. बाई लाल मणी सरकवत, "चार आणि तीन किती?" असं विचारत, आणि सगळा वर्ग एका सुरात "सा-त" म्हणे. मला मोठा मान होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझ्या मण्यांवरून बोट फिरवून "वा!" म्हटलं होतं. तो "वा" मी कित्येक वर्षं पुरवून पुरवून वापरला.

पण खरं सांगू का? माझ्यासमोर जितकी मुलं हसली, तितकीच शरमलीही. दहाच्या आतली बेरीज सगळ्यांना येई. दहाच्या पुढे गेलं की हातचा येई, आणि हातचा आला की वर्गात शांतता पसरे. मुलं बाकाखाली हात लपवून बोटं मोजत. बाई म्हणत, "सोप्पं तर आहे! दहा लाल मागे ढकला, एक निळा पुढे घ्या. झालं!" बाई मनाने वाईट नव्हत्या. घाईत होत्या इतकंच. पण त्या "सोप्पं तर आहे" म्हणाल्या की समोरच्या मुलाचे कान लाल झालेले मला दिसत. मी तेव्हा मनात म्हणे, त्यात माझा काय दोष?

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण बाईंचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर गरकन बाहेर पडे. हातचा तिला माझ्याकडे न बघताही जमे. कुणी अडलं की बाई म्हणत, "भिंगरी, सांग गं याला." आणि भिंगरी मान ताठ करून सांगे.

एके दिवशी पालकसभा होती. मोठे सर मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. मुलं आपापल्या आईवडिलांना चिकटून होती. बाईंच्या मनात आलं, सभा थोडी रंगवावी. त्यांनी मला टेबलावर मधोमध ठेवलं आणि म्हणाल्या, "मुलं रोज करतात ती बेरीज आज पालकांनी करून दाखवायची! सुरुवात आमच्या भिंगरीच्या घरून. कोण आलंय तिच्याकडून?"

भिंगरीचे वडील ट्रक चालवत आणि बरेचदा बाहेरगावी असत. तिची आई आली होती. ती एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करी. दुकानातून तशीच आली असावी, कारण मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. ती उठेना. बाजूला बसलेल्या एका आईने तिला हसत पुढे ढकललं.

"सत्तावीस अधिक पंधरा," बाई म्हणाल्या.

ती माझ्यासमोर उभी राहिली. तिने एक लाल मणी सरकवला, मग एक पिवळा, मग पुन्हा तो मागे घेतला. तिची बोटं उबदार होती आणि कुठल्या मण्यावर थांबावं ते त्यांना कळत नव्हतं. ती शाळेत कधी गेलीच नव्हती, हे मला त्या बोटांवरून कळलं.

"अहो, सोप्पं तर आहे," बाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी फिस्स करून हसलं. मग एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "भिंगरीच्या आईला बेरीज येत नाही!"

आणि भिंगरी ताडकन उठली. "ती माझी आई नाहीच," ती म्हणाली. "शेजारच्या मावशी आहेत त्या. आईला काम होतं."

भिंगरीच्या आईने वळून मुलीकडे पाहिलं. क्षणभरच. मग ती बाईंना म्हणाली, "हो ना. मी शेजारची. तिच्या आईला सुट्टी नाही मिळाली, म्हणून मी आले." एवढं बोलून तिने माझे सरकवलेले मणी नीट जागेवर लावले, पदराने हाताचा घाम पुसला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, बाईंना सगळं ठाऊक होतं. शाळेत नाव घालायला भिंगरीला घेऊन तिची ही आईच तर आली होती. बाईंच्या तोंडाशी काहीतरी आलं, पण त्यांनी मोठ्या सरांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "बरं, पुढचे कोण?"

त्या दिवसापासून भिंगरीची भिंगरी फिरेनाशी झाली. बाईंनी साधी आठ आणि पाचची बेरीज विचारली तरी ती माझ्याकडे बघायची आणि नजर खाली घालायची. उत्तर येत नव्हतं असं नाही. माझ्याकडे बघवत नव्हतं. बाईसुद्धा तिला प्रश्न विचारायचं टाळू लागल्या. एकाच वर्गात दोघी एकमेकींपासून लपत होत्या आणि मी टेबलावर मधे उभी होते.

मग एकदा शाळा सुटल्यावर ती मागे थांबली.

"बाई, चौकट घरी नेऊ?"

"तुला कशाला? तुला तर तोंडी येतं."

भिंगरी फ्रॉकची कड पिळत राहिली. "शेजारच्या मावशींना शिकवायचंय."

बाईंनी चटकन तोंड फिरवलं आणि फळा पुसायला घेतला. फळा आधीच पुसलेला होता. "ने," त्या म्हणाल्या. "सावकाश परत आण."

अशी मी पहिल्यांदा शाळेबाहेर पडले. भिंगरीचं घर म्हणजे एक खोली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, दोरीवर कपडे, आणि कोपऱ्यात लाँड्रीतून घडी घालायला आणलेल्या खानावळीच्या नॅपकिनांचा ढीग. भिंगरीने मला पेटीवर ठेवलं. आईने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. थोड्या वेळाने तिने एक ओला रुमाल माझ्यावर वाळत घातला. साहेबांचा "वा" ऐकलेली मी, आणि माझी ही गत!

"आई, मी तुला शिकवते," भिंगरी म्हणाली.

"मला काय करायचंय शिकून? माझं कुठे अडलंय?"

एवढ्यावर बोलणं थांबलं. सभेचा विषय कुणीच काढत नव्हतं. आई नेहमीसारखीच जेवायला वाढे, वेणी घाली, शाळेत धाडी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं भिंगरीच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शेवटी एका संध्याकाळी तिलाच राहवेना.

"आई, तू मला रागवत का नाहीस?"

"कशाबद्दल?"

"तुला माहितीये."

आई नॅपकिनांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत. "तू खोटं बोललीस याचं नाही गं एवढं वाईट वाटलं," ती म्हणाली. "किती पटकन बोललीस! शोधावंसुद्धा लागलं नाही तुला. म्हणजे ते तुझ्या मनात आधीपासूनच तयार होतं."

भिंगरीला रडू फुटलं. आईने ते फुटू दिलं. जवळ घेतलं नाही, दटावलंही नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आणि मी तरी काय केलं? मीही पटकन हो म्हटलं. बरंच वाटलं मला दुसरी कुणीतरी व्हायला. आपण दोघींनी मिळून मला त्या वर्गातून हाकललं बघ."

माझे मणी तारेवर एका जागी खिळले होते. मला कान झाकून घेता आले असते तर मी घेतले असते.

मग आईने माझ्यावरचा रुमाल उचलला आणि मला पुढ्यात ओढलं. "दाखव," ती म्हणाली. "नेमकी कुठे अडले मी?"

भिंगरीने नाक पुसलं आणि शिकवायला सुरुवात केली. लाल मणी, निळे मणी, वीस म्हणजे दोन निळे, हे आईने लवकर उचललं. मग हातचा आला.

"दहा द्यायचे आणि एक घ्यायचा?" आई म्हणाली. "हा कुठला न्याय?"

"अगं, सोप्पं तर आहे!"

आईचा हात माझ्यावरून अलगद मागे गेला. भिंगरीने तो जाताना पाहिला. तिने जीभ चावली. तिच्या तोंडून थेट बाईंचा आवाज निघाला होता, आणि वर्गातल्या लाल कानांची मुलं तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली असावीत, कारण तिचेही कान लाल झाले.

"नाही," ती हळूच म्हणाली. "सोपं नाहीये. मला फक्त येतं." तिने इकडेतिकडे पाहिलं. आईने दहा-दहा नॅपकिनांचे गठ्ठे बांधून ठेवले होते. "आई, दहाचा गठ्ठा बांधलास की सुटे किती उरतात?"

"सुटे कुठले? बांधले ना."

"आणि गठ्ठे किती?"

"एक." आईने माझ्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे पाहिलं. तिने दहा लाल मणी मागे ढकलले आणि एक निळा पुढे आणला. "म्हणजे हा निळा गठ्ठा?"

"हो!"

"मग गठ्ठा म्हणा की! हातचा, हातचा काय! हातात तर काहीच दिसत नव्हतं मला."

दोघी हसल्या. पण लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. आई पुष्कळ चुकली. रोज संध्याकाळी बसे, ओठ हलवत मोजे, आणि जमलं नाही की मला पेटीवर ठेवून उठून जाई. भिंगरी तिच्या मागे जात नसे. थांबून राही.

मग एकदा मला परत करायची वेळ झाली. भिंगरी शाळेत निघाली तेव्हा मी ओलीच होते, कारण आईने मला सोडा घालून धुवायला काढलं होतं. "तू हो पुढे," आई म्हणाली. "वाळली की दुकानात जाताना मी देते आणून."

ती आली तेव्हा वर्ग चालू होता. दाराजवळच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "कोण हवंय तुम्हाला? तुम्ही कोण?"

साधा प्रश्न होता, मित्रांनो. पण मला छातीशी धरलेले तिचे हात घट्ट झाले. आज आपण कोण व्हायचं, हेच तिला ठरवता येईना. तिने मुलीकडे पाहिलंही नाही, मुलीची अडचण व्हायला नको म्हणून. "मी..." ती म्हणाली, "मी शेजा..."

"माझी आई आहे ती."

भिंगरी बाकावर उभी होती. वर्ग वळला. "त्या दिवशी तर तू म्हणालीस..." कुणीतरी सुरुवात केली.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. मला लाज वाटली होती." तिने थेट आईकडे पाहिलं. "आता त्याची लाज वाटते."

बाई खडू हातात धरून उभ्या होत्या. त्या दारापर्यंत गेल्या. "ताई, मला तेव्हाच माहीत होतं," त्या सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मीच बोलायला हवं होतं. मी गप्प बसले."

भिंगरीची आई पार संकोचून गेली. "जाऊ द्या हो बाई," ती म्हणाली. "ही चौकट जरा धुतली तर लाल मण्यांचा रंगच गेला. तेवढं बघा काही करता आलं तर."

रंग पुन्हा कुणी दिला नाही. माझे एककाचे मणी तेव्हापासून फिकट गुलाबी आहेत. पुढे बाई निवृत्त झाल्या, भिंगरी मोठी होऊन शाळेतून गेली. तिच्या आईची बेरीज कधीच झटपट झाली नाही, पण होई. मग वर्गात नवी साधनं आली आणि मला कपाटावर ठेवलं गेलं. इथे धूळ आहे, एक तार सैल झाली आहे, पण माझी तक्रार नाही.

मागणं मात्र एक आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यापाशी कुणी काही शिकायला बसेल. धाकटा भाऊ असेल, आजोबा असतील, तुमची आईसुद्धा असेल. ते अडले तर हवं तितक्या वेळा पुन्हा सांगा, कंटाळा आला तर उठून पाणी पिऊन या. पण "सोपं तर आहे" असं म्हणू नका. न येणारी गोष्ट माणूस कशीतरी पेलतो. तुम्ही तिला सोपी म्हटलं, की त्याच्या डोक्यावर लाजही चढते, आणि ती उतरवून घ्यायला मग कोणी पुढे येत नाही.